पांढऱ्या बादलीतली पंधरा मिनिटं

गौतम,

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुझ्यावर नऊ मिनिटं बोललो. तुझ्या गावी, लोह्याला, तुमच्या वस्तीतल्या विहारासमोर मांडव होता, माईक चांगला होता, आणि माईक चांगला असला की मी लांबतो, हे तुला माहीत आहे. ‘बारकाईनं बघणारा माणूस’ असं तुझं वर्णन मी तीनदा केलं. लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या थोरल्या भावानं नंतर माझा हात धरला आणि म्हणाला, “सर, लई मनातून बोललात.” मी मनातून बोललो नव्हतो. सभेत बोलतात तसं बोललो होतो. मनात होतं ते तसंच घेऊन एसटीनं लातूरला परत आलो.

आता ते इथं सांगतो. तुझ्या काचेच्या टाकीतलं सगळं कशानं मेलं, हे तू शेवटपर्यंत शोधत होतास. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आलो ते थट्टा करायला. मी मराठी शिकवणारा, तू प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सहायक. कॉलेजात बातमी पसरली होती की गौतमनं घरात समुद्र केलाय. त्या वर्षी लातूरला नळ दहा-बारा दिवसांनी यायचा, आणि तू पाणी गाळून, शुद्ध करून, त्यात पुड्यातलं मीठ घालून ते खारट करत होतास. यापेक्षा चांगला विनोद मला आयता मिळाला नसता. तू मला स्टुलावर बसवलंस आणि टाकीचा दिवा लावलास. दगडांवर शर्टाच्या बटनाएवढे गोल जीव, कडेनं बारीक झालर, कुठं हिरवे, कुठं शेंदरी, कुठं जांभळे.

“हे प्रवाळ?” मी विचारलं. माझ्या डोक्यात प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं.

“अंगठीतलं मेलेलं असतंय, सर. हे जितं हाय. दगडी प्रवाळ ठेवायचं म्हणलं की कायद्याची भानगड. ही मऊ जात हाय. नाव लांबडं हाय, मी बटनं म्हणतो.”

वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ह्यांना घरातली डाळ संपल्याली दिसत न्हाई. त्याच्यातलं मीठ कमी झालं की मात्र बरूबर दिसतंय.”

तेव्हापासून मी दर रविवारी येऊ लागलो. तू मला कॉलेजात ‘सर’ आणि घरी ‘अप्पा’ म्हणायचास.

आपला एक वाद होता, तो तसाच राहिला. माझं म्हणणं, समुद्र चार फूट काचेत कोंबणं हा दिमाखच झाला. फक्त गरीब माणसानं केला म्हणून त्याला छंद म्हणायचं. तू म्हणायचास, “अप्पा, तुमच्या कपाटात पुस्तकं किती? निम्म्यांवरचं प्लॅस्टिकबी काढलं न्हाई तुमी. माझी बटनं निदान रोज उघडून राहिलीत.” यावर मी विषय बदलायचो. खरा समुद्र तू एकदाच पाहिला होतास, लहानपणी, सहा डिसेंबरला बापाबरोबर दादरला गेलास तेव्हा. गर्दीत हरवशील म्हणून बापानं तुझं मनगट सोडलंच नाही, त्यामुळे पाण्यात पाय घालायचा राहून गेला. आपण दोघांनी कोकणात जायचं तीनदा ठरवलं. तीनही वेळा मला कुठल्या तरी कार्यक्रमाचं सूत्रसंचालन होतं. ज्या कार्यक्रमांची मी वर्षभर टिंगल करतो, त्यांत माईक माझ्याच हातात असतो, हे तू एकदा फार सौम्यपणे माझ्या लक्षात आणून दिलं होतंस.

नवी बटनं हैदराबादहून यायची. थर्मोकोलच्या डब्यात, ट्रॅव्हल्सच्या गाडीनं. तो डबा तू टाकीच्या जवळसुद्धा येऊ द्यायचा नाहीस. आधी मागच्या अंगणात पांढरी बादली, तिच्यात टाकीचंच पाणी, त्यात आयोडीनचं औषध. पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. “पांढरीच बादली का?” मी विचारलं. “खाली काय पडलं ते दिसाया पाहिजे.” पंधरा मिनिटं तू तो दगड त्यात हलवत राहायचास, पिचकारीनं पाणी मारायचास, आणि मी घड्याळ धरून उभा. एकदा तळाशी भाताच्या शितापेक्षा बारीक काहीतरी वळवळलं. तू भिंग दिलंस. गोगलगाय होती, बिनशंखाची, अंगावर झालरी असलेली.

“बटनं खाऊन जगती ही,” तू म्हणालास. “आन् ज्याला खाती त्याचाच रंग घेती. हिरवं खाल्लं की हिरवी, शेंदरी खाल्लं की शेंदरी. वरून कितीबी बघा, दिसायची न्हाई. उलटं करावं लागतंय.”

“म्हणजे आपली व्यवस्थापन समिती,” मी म्हणालो. तू एवढा हसलास की बादली हिंदकळली आणि तुझी विजार चहाच्या रंगाची झाली.

मग तू मला तो दगड उलटा करून दाखवलास. खालच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी चिकटवावीत तशी अंडी. औषधानं जिवंत किडा मरतो, अंडी मरत नाहीत. ती दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडायची, आणि तरी एखादं वेटोळं राहतंच असं धरून चालायचं. म्हणून नवा पाहुणा दीड महिना वेगळ्या भांड्यात, आणि दर आठवड्याला पुन्हा औषधात. तुझ्या घरात ह्या नियमाला अपवाद नव्हता. मी वाढदिवसाला आणलेलं बटन-प्रवाळही तू माझ्या देखत बादलीत घातलंस. मला ते लागलं होतं. घरी जाताना मात्र वाटलं, आपल्या ओळखीत एक तरी माणूस असा आहे की जो आणणाऱ्याचं तोंड बघून आणलेल्या वस्तूची पारख करत नाही.

त्यानंतर आली संस्थाध्यक्षांची, म्हणजे आपल्या साहेबांची, एकसष्टी. कॉलेजच्या प्रवेशद्वाराशी सहा फुटांचं ‘सागर दालन’ करायचं ठरलं. काच, दिवे, पंप सगळं पुण्याच्या माणसानं बसवून दिलं. आत जिवंत काय ठेवायचं, हा प्रश्न उद्घाटन महिन्यावर आल्यावर कुणाला तरी सुचला. मग तुला बोलावलं. आठ वर्षं वाढवलेली बटनं तू घरच्या टाकीतून काढून तिकडं नेलीस. मी म्हणालो, “अरे, थोडी ठेव घरी.” तू म्हणालास, “पोरं बघतील की, अप्पा. आपल्या पोरांनी समुद्र कुठं बघायचा?”

उद्घाटनाच्या सकाळी साहेबांचे चिरंजीव हैदराबादहून स्वतः एक प्रवाळ घेऊन आले. बशीएवढं, शेंदरी, हिरव्या काठाचं. साहेबांच्या हस्ते हेच पाण्यात सोडायचं. तू म्हणालास, दीड महिना वेगळं ठेवावं लागेल. प्राचार्यांनी तुझ्याकडं बघितलं. “गौतम, साहेबांची एकसष्टी दीड महिना पुढं ढकलू का?” सगळे हसले. मीही हसलो.

तू मार्ग काढलास. आत्ता औषधात बुडवायचं, खालून खरवडायचं आणि सोडायचं. जिवंत किडे औषधानं मरतील. एखादं अंडं राहिलं तरी ते फुटायला आठवडा लागतो. त्याच्या आत तू ते प्रवाळ काढून घेणार. हिशोब चोख होता. पण सगळ्या कर्मचाऱ्यांनी फेटे बांधून फाटकाशी दोन्ही बाजूंनी उभं राहायचं, असं फर्मान होतं. सूत्रसंचालकाला तेवढी सूट होती. म्हणून बादली, औषधाची बाटली आणि ब्रश तू माझ्याकडं दिलंस.

“पंधरा मिनिटं, अप्पा. हलवत ऱ्हावा. मग खालून ब्रश.”

मी प्रयोगशाळेत गेलो. बाटलीचं झाकण उघडायला हात लावला, तेवढ्यात चिरंजीव आत आले. “सर, साहेबांची गाडी आली. आणि हे काय, औषधात घालताय? रंग उतरला तर?” रंग उतरत नाही, हे मला माहीत होतं. पण औषधात घातलं की बटनं मिटतात आणि तासभर उघडत नाहीत, हेही माहीत होतं. फोटोत चिखलाचा गोळा दिसला असता. चिरंजीव ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही सांगण्याच्या नव्हतो. माझ्या खिशात सूत्रसंचालनाची पानं होती, पहिलं वाक्य चांगलं जमलं होतं. मी बाटली ठेवून दिली. प्रवाळ काचेच्या वाडग्यात घातलं, भोवती झेंडू लावला आणि बाहेर आलो.

तू फेटा बांधलेला, घामाघूम, गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आलास.

“बुडवलं न्हवं?”

“हाव.”

“पंधरा मिनिटं?”

“पंधरा.”

“काय पडलं का तळाला?”

तू असं विचारशील, हे मी धरलं नव्हतं. “दोन-तीन पडले,” मी म्हणालो. तुझा चेहरा मोकळा झाला. दोन-तीन पडले म्हणजे औषध लागू पडलं. नुसतं ‘हाव’ म्हटलं असतं तर कदाचित तू स्वतः जाऊन बादली पाहिली असतीस. त्या दोन-तीनांनी तुला थांबवलं; तू फाटकाशी परत गेलास, आणि वाडग्यात उघडं राहिलेलं प्रवाळ तुला जवळून दिसलंच नाही. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की बारीक तपशील असला की लिहिलेलं खरं वाटतं. ते माझ्याच हातून असं सिद्ध झालं.

सहाव्या दिवशी तू ते प्रवाळ ठरल्याप्रमाणे काढलंस. तोवर त्याच्यावरचे जिवंत किडे तुझ्या जुन्या बटनांवर जाऊन बसले होते, तिथं अंडी घालून मोकळे झाले होते. मधल्या काळात, आपलीच स्वच्छ बटनं म्हणून, तू दोन तुकडे घरच्या टाकीत परत नेले होतेस. न बुडवता. दोन महिन्यांत दोन्ही टाक्यांत नुसते दगड राहिले. तू रोज एकेक दगड उलटा करून, खरवडून, बुडवून बघत होतास, आणि किडे तुझ्या पुढं जात होते.

तू मला चार वेळा विचारलंस. प्रत्येक वेळी शब्द जवळपास तेच. “अप्पा, माझं गणित कुठं चुकलं? जिते तर मेले हुते, तुमीच बघितलं. मंग अंडी सहा दिसाच्या आतच फुटली म्हणायची.” मी चारही वेळा म्हणालो, “लातूरची हवा. उन्हाळा.” तू ते मानलंस. हैदराबादच्या दुकानदाराला फोन करून सांगितलंस, आमच्याकडं अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, तुमी बी जपा. माझी थाप तू ज्ञान म्हणून पुढं पोचवलीस.

प्राचार्यांचं पत्र आलं, सागर दालनाच्या हानीबद्दल खुलासा मागणारं. तू ते घेऊन माझ्याकडं आलास. “तुमची मराठी चांगली हाय, तुमीच लिहा.” मी लिहिला. ‘सदर हानीस मी सर्वस्वी जबाबदार आहे’ हे वाक्य माझं. तू वाचलंस, म्हणालास, “बरूबर हाय,” आणि सही केलीस. त्यानंतर तुला प्रयोगशाळेतून काढून उत्तरपत्रिकांच्या गोदामात बसवलं. चौकशी कुणी केली नाही. तुझा निष्काळजीपणा सगळ्यांना ऐकताक्षणी पटला. त्या सकाळी प्रयोगशाळेत मीही होतो, हे कुणाला आठवलंसुद्धा नाही. तुझ्या आडनावाचा माणूस चुकला हे इथं लगेच खरं वाटतं, माझ्या आडनावाच्या माणसाला आधी विचारतात. तू हे ओळखून होतास, फक्त त्या वेळी त्याचा फायदा मला मिळतोय, हे तुला ठाऊक नव्हतं.

गोदामातून तू संध्याकाळी घरी जायचास. रविवारी मी यायचो, पण तू आता टाकीसमोर बसत नव्हतास. एकदा म्हणालास, “आता कशाचाच भरवसा वाटत न्हाई अप्पा. गॅस बंद केला का, हे बी दोनदा बघतो.” मी हसण्यावारी नेलं. पाच महिन्यांनी, सकाळी डबा बांधून निघताना, दारातच तुझ्या छातीत कळ आली.

माझ्या खोटेपणामुळं तू गेलास, असं मी म्हणणार नाही. ते म्हणणंही स्वतःला मोठं करण्यासारखं होईल. तुझ्या घरात सगळ्यांचीच हृदयं अधू होती. मी एवढंच केलं, की तुझे शेवटचे महिने तू स्वतःला बिनकामाचा समजत काढलेस.

गेल्या रविवारी घरी गेलो. टाकी कोरडी आहे, वहिनींनी तिच्यात घड्या केलेल्या चादरी ठेवल्या आहेत. वहिनी पालक निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. दोन-तीन पडले म्हणालो, तेही. त्यांचा हात थांबला नाही.

“मांडवात एवढं बोललात, सर. मग हे एवढंच कसं ऱ्हायलं?”

“धीर झाला नाही.”

“आन् ते जिते हुते तवा? दर रविवारी चहा पेत हुता की हितं.” त्यांनी देठं गोळा केली. “मला तुमच्या औषधाचं काय कळत न्हाई. स्नेहलला सांगा. वर्गात तिला बोलून राहिलेत, तुझ्या पप्पांनी कॉलेजचं वाटोळं केलं म्हणून.”

तुझी स्नेहल आपल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे मी विसरलो नव्हतो. तिला सांगावं लागेल, ही गोष्ट मी विसरायची ठरवली होती. ती आतून आली, समोर बसली. “काय झालं, काका?” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं.

तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, “पप्पा मला सारखे विचारायचे, एवढी साधी बेरीज माझी चुकली कशी. मी म्हणायचे, सोडा आता पप्पा, वय झालं तुमचं. एकदा तर मी चिडून म्हणाले.” तिनं डोळे पुसले नाहीत. “त्यांना कळलं होतं का, सर?”

“नाही.”

“मग लिहून द्या. मी प्राचार्यांकडं नेते.”

तिनं वहीतला कागद फाडून दिला. मी लिहिलं, ‘उद्घाटनाच्या दिवशी सदर प्रवाळास औषध देण्याचे माझ्याकडून अनवधानाने राहून गेले.’ तिनं कागद ओढून घेतला, वाचला, आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

“हे खोडा.”

“मग काय लिहू?”

“तुम्हाला माहीत होतं ना औषध दिलं नाही ते? मग पप्पांना खोटं सांगितलं, असं लिहा. दोन-तीन पडले म्हणालात, ते बी लिहा. खुलासा तुम्हीच लिहिला होता, ते बी.”

मी खोडलं. गौतम, इतकी वर्षं माझ्या हातात लेखणी आहे, पण इतकी साधी वाक्यं लिहायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. ती शेजारी उभी राहून वाचत होती. एका ठिकाणी मी ‘परिस्थितीवश’ लिहायला घेतलं आणि तिच्याकडं न बघताच थांबलो. सही केल्यावर तिनं तारीख घालायला सांगितली. आतून वहिनी म्हणाल्या, “स्नेहल, सरांना पाणी तरी दे.” तिनं दिलं.

प्राचार्यांनी कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. “माणूस गेला, आता हे उकरून कुणाचं भलं?” म्हणाले. साहेबांचं नाव कुठं आलेलं नाही ना, हे मात्र त्यांनी दोनदा वाचून पाहिलं. स्नेहल तास संपले की रोज पोच मागायला जाते. शिपाई तिला बसायला सांगतो, ती बसते. काल मीही गेलो. बाकावर तिच्या शेजारी बसलो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिची पिशवी मांडीवर होती, ती उचलून तिनं दोघांच्या मधे ठेवली. तास-दीड तास आम्ही तसेच बसलो. आज पुन्हा जायचं आहे.